रिकाम्या खुर्च्या मोजणारे चाचा

चाचा आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा दारात चपला काढता काढता हॉलकडे एक नजर टाकून म्हणाले, "सहा." सलाम नाही, नमस्कार नाही, कसे आहात नाही. तासाभराने माझा नवरा त्यांना तिसऱ्यांदा भात वाढत असताना उलगडा झाला, की ते आले तेव्हा आमच्या हॉलमध्ये बसायच्या सहा जागा रिकाम्या होत्या. उरलेल्या जागांवर कोण बसलंय हे मात्र त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यात आमच्या कंपनीचे जनरल मॅनेजर होते.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये आमची प्लास्टिकच्या पाइपांची फॅक्टरी आहे. मी तिथे एचआर आणि अ‍ॅडमिन बघते. म्हणजे व्हिसा, मेडिकल, रजा, आणि कुणाच्या डोक्यावर एसीचं पाणी गळतंय ही तक्रार. चाचा तिथे स्टोअरकीपर. रत्नागिरीकडे खाडीच्या काठी त्यांचं गाव, गल्फमध्ये येऊन तीस वर्षं उलटून गेलेली, बायको-मुलं सगळी गावालाच. त्यांना सगळेच चाचा म्हणायचे, त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे असलेले आमचे मालकसुद्धा. अंगाने वाळके, उंच, शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि त्यातलं एकही उठत नसलेलं. पँटच्या खिशात मात्र एक स्टीलचं गोल यंत्र कायम असायचं. विमानात माणसं मोजायला ठेवतात तसलं, अंगठ्याने दाबलं की आकडा एकाने पुढे सरकतो. त्याचा टिक टिक आवाज आला की समजायचं, चाचा जवळपास आहेत.

मोजणं हा त्यांचा धंदाच होता, त्यात विशेष नाही. पण हा माणूस असलेली वस्तू मोजायचा नाही, नसलेली मोजायचा. गोडाउनच्या रॅकला बाराशे खण. रिकामे किती ते बघायचं आणि बाराशेतून वजा करायचं, झाला स्टॉक. "भरलेलं काय, शेळीपण मोजील. रिकामं मोजायला माणूस लागतो," असं ते मला महिन्यातून दोनदा तरी ऐकवायचे. एकदा ऑडिटची दोन पोरं टाय लावून दोन दिवस पाइपांची बंडलं मोजत घामाघूम झाली, तेव्हा कुठे त्यांचा आकडा चाचांच्या आकड्याला येऊन मिळाला. चाचांनी तो पहिल्या दिवशी सकाळचा चहा यायच्या आत काढून ठेवला होता.

सवय कशी लागते बघा. सकाळी स्टाफबस आली, की माझ्या टेबलाशी वाकून "आज अकरा नाय आले" असं सांगून जायचे. माझं हजेरीचं सॉफ्टवेअर अजून डोळे चोळत असायचं. जुम्म्याच्या नमाजाहून परतले, की मशिदीतल्या चपलांच्या रॅकमध्ये किती खण रिकामे होते ते ऐकायचं. कंपनीच्या इफ्तारला सगळे जेवत असताना हे उरलेली ताटं मोजत उभे. मी नवीन होते तेव्हा मला याचा भयंकर राग यायचा. एकदा तर मी त्यांना इंग्रजीत कडक ईमेल केला, की रोजची हजेरी हे माझं काम आहे. उत्तर डिलिव्हरी नोटच्या पाठीवर आलं, मराठीत: "काम तुझंच गो बाय. आकडा माझा." 

पण त्यांचा खरा नाद वेगळाच होता. टीव्हीवर ती चकचकीत चड्ड्या घातलेल्या धिप्पाड लोकांची अमेरिकन कुस्ती असते ना, ती चालवणारी कंपनी वर्षा-दोन वर्षांनी इकडे येते. कधी दुबई, कधी अबुधाबी. चाचा त्या प्रत्येक खेळाला जायचे, एकही चुकवलेला नाही. आणि कुस्तीकडे एकदाही बघायचे नाहीत.

ही भानगड सुरू झाली त्यांच्या गल्फमधल्या पहिल्याच वर्षी. तेव्हा पक्की नोकरी नव्हती, मिळेल ते काम करायचे. एका मैदानावर कुस्तीचा खेळ होता आणि सहा जणांना खुर्च्या मांडायला घेतलं होतं. उन्हातान्हात दोन दिवस खपून त्यांनी चार हजार दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. हे चाचा सांगायचे तेव्हा खुर्ची उचलून मांडल्याची खूण प्रत्येक वेळी हाताने करायचे. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की दहा हजार प्रेक्षकांनी खेळाचा आनंद लुटला. चाचांना रात्रभर झोप लागेना. खुर्च्याच चार हजार दोनशे होत्या, तर बाकीचे बसले कुठे? एकमेकांच्या मांडीवर? त्यांनी पेपरला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर अजून यायचंय, आणि पत्राची नक्कल त्यांच्या पेटीत अजून आहे.

त्या दिवसापासून एक लांबट वही सुरू झाली. तिच्यात रकाने पाच: सगळ्यात स्वस्त तिकीट, जाहीर आकडा, माझा आकडा, फरक, शेरा. शेऱ्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता, "खोटं". एका खेळापुढे "लय खोटं" होतं.

तिकिटाचे भाव जाहीर झाले, की जेवणाच्या सुट्टीत चाचा ते मला वाचून दाखवायचे. रिंगच्या कडेचं तिकीट पाच हजार दिरहम, म्हणजे एक लाख पंधरा हजार रुपये. एवढ्यात गावात बोअर मारून होते, आणि पाणी काय दोन तासांनी घरी जात नाही, हे त्यावरचं त्यांचं भाष्य. रूपांतराचेही त्यांचे दोन भाव होते. गावी पैसे पाठवताना आजचा, दिरहमला तेवीस रुपये. स्वतःवर खर्च करताना मात्र ते इथे उतरले त्या दिवशीचा, सात रुपये. त्यामुळे दीडशे दिरहमचं तिकीट तुम्हा-आम्हाला साडेतीन हजाराला पडतं, ते चाचांना हजाराच्या आसपास पडायचं आणि त्यांना कधी जड वाटायचं नाही.

तिकीट ते विक्री उघडली त्या सकाळीच काढायचे, सगळ्यात स्वस्त, सगळ्यात वरच्या रांगेतलं, जिन्याला लागून. तिथून अख्खं स्टेडियम दिसतं. मग दुर्बीण लावायची, रिंग सोडून खुर्च्यांवर रोखायची आणि टिक टिक सुरू. एकदा सिक्युरिटीवाल्याने धरलं. सगळी दुनिया पुढे बघतेय आणि हा एक म्हातारा दुर्बिणीतून प्रेक्षकांकडे बघून काहीतरी दाबतोय, तर त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? चाचांना बाहेर खुर्चीवर बसवलं. त्यांनी मराठी, हिंदी, मोडकी मल्याळम आणि "हबीबी" एवढ्या भांडवलावर अर्धा तास आपलं काम समजावलं. शेवटी सिक्युरिटीच्या केरळच्या सुपरवायझरला ते एवढं पटलं, की पुढच्या वर्षी त्यानेच यांना वरच्या मजल्याचे ब्लॉक मोजायला मदत केली.

"पण जिंकलं कोण, चाचा?" असं मी दर वेळी विचारायची. "ते काय माहीत नाय गो," हे उत्तर ठरलेलं.

मी त्यांना वेडा म्हातारा म्हणायची, तोंडावर म्हणायची, आणि ते खूश व्हायचे. पण गेल्या वर्षी माझ्या सासूबाई व्हिजिट व्हिसावर साठ दिवसांसाठी आल्या आणि गोष्ट माझ्या घरापर्यंत आली.

सासूबाई कऱ्हाडकडच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तरीण, शेवटची अकरा वर्षं मुख्याध्यापक. आवाज असा, की आमच्या बिल्डिंगचा वॉचमन त्यांना बघून सिगारेट विझवतो. त्यांना टीव्हीवरची ही कुस्ती जीव की प्राण. मालिकांना नावं ठेवायच्या. मालिकेत दुष्ट बाईला थोबाडीत बसायला सहा महिने लागतात, कुस्तीत दुष्टाला दहा मिनिटांत उचलून आपटतात, आपल्याला एवढा वेळ नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांच्या परतीच्या विमानाच्या बरोबर तीन दिवस आधी कुस्तीचा खेळ अबुधाबीला होता.

ही बातमी त्यांना त्यांच्या नातवाने, म्हणजे माझ्या मुलाने दिली. "आज्जी, they are coming here, like for real," असं तो म्हणाला, आणि सासूबाईंनी त्याच संध्याकाळी निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहीर केलं, की आपण कुस्ती समक्ष बघणार आहोत. साठ-सत्तर अंगठे आले. आता माघार नव्हती.

मी लगेच तिकीट काढायला बसले होते, खोटं कशाला बोलू. पण साडेतीन हजार रुपये, आणि सासूबाईंना एकटीला कसं पाठवायचं म्हणून दोन तिकिटं, म्हणजे सात हजार.  मी चाचांचा सल्ला घेतला. चाचा म्हणाले, "थांब. दीडशे तर सोडच, एक दिरहम लागायचा नाय. कॅमेऱ्यासमोर रिकाम्या खुर्च्या त्यांना चालत नाय. दोन दिवस आधी फुकट वाटतात." हे मी स्वतः पाहिलं होतं. मागच्या दोन्ही वेळी फ्री झोनमधल्या ऑफिसांत फुकट पासांचे गठ्ठे आले होते आणि आमचा ऑफिसबॉय चार मित्र घेऊन जाऊन आला होता. फुकटाची चटक वाईट. मी थांबले.

चार दिवस आधी वेबसाइट उघडली तर लाल अक्षरांत सोल्ड आउट.

मी चाचांना फोन केला. ते गोडाउनमधून माझ्या टेबलाशी आले, आणि स्वतःच्या चष्म्यावर माझा चष्मा लावून पडद्याकडे बघत बसले. त्यांचा विश्वासच बसेना. मग त्यांनी स्टेडियमचा नकाशा बोटाने ब्लॉक ब्लॉक करत मोजला आणि खाली बसले. खेळ नेहमीच्या मोकळ्या मैदानावर नव्हता. नव्या एसी हॉलमध्ये होता, आणि त्या हॉलमध्ये खुर्च्याच निम्म्या होत्या. ज्या माणसाने जन्मभर आधी खण किती ते विचारलं आणि मग रिकामे मोजले, तो या वेळी खणच विचारायला विसरला होता. एवढा लहान झालेला चेहरा मी कुणाचा बघितला नाही.

बाहेर कुणी तिकीट विकत होतं ते बाराशे दिरहमला, म्हणजे सत्तावीस हजार सहाशेला. घरी जाऊन मी सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं, त्या मला धुऊन काढतील, आणि खरं तर तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "असू दे गं. टीव्हीवर दिसतंच की." आणि मेथी निवडायला घेतली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी माझ्या टेबलावर पाकीट ठेवलं. आत त्यांचं तिकीट, प्रिंट काढून चौकोनी घडी घातलेलं. "चूक माझी, तिकीट माझं," म्हणाले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या पाकिटाच्या खालीच त्यांच्या व्हिसा कॅन्सलेशनचे कागद होते. ते मीच तयार करत होते. चाचा महिनाअखेरीला रिटायर होऊन कायमचे गावी चालले होते. म्हणजे हा त्यांचा शेवटचा खेळ होता, वहीतली शेवटची ओळ. ही गोष्ट माझ्याइतकी दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती, आणि मी ते पाकीट परत त्यांच्या हातात कोंबलं. त्यांनी ते परत माझ्या कीबोर्डवर ठेवलं. असं तीनदा झालं. शेवटी ते म्हणाले, मास्तरीणबाईंना सांग, तिकीट फुकट नाय. माझा आकडा आणून द्यायचा.

त्या रविवारी चाचा ट्रेनिंग द्यायला आमच्या घरी आले. सासूबाई इस्त्रीची साडी नेसून, वही-पेन घेऊन बसल्या होत्या. चाचांनी दुर्बीण दिली, ते टिकटिक यंत्र दिलं, आणि समजावलं: माणसं मोजायची नाहीत, रिकामी खुर्ची दिसली की एकदा दाबायचं, हॉलच्या एकूण खुर्च्यांतून मग वजा करू. सासूबाईंनी विचारलं, की हाउसफुल असेल तर रिकामी असणार कुठून? चाचा म्हणाले, एवढ्या माणसांत कुणी ना कुणी लघवीला उठलेलं असतंच, शून्य कधी येत नाय, शून्य सांगणारा हमखास खोटारडा. सासूबाईंना हे पटलं. शाळेत शंभर टक्के हजेरी सांगणाऱ्या मास्तराबद्दल त्यांचंही हेच मत होतं.

पोहे खाता खाता त्यांनी चाचांना एक प्रश्न विचारला, तो मला आजवर सुचला नव्हता. एवढी वर्षं जाता आणि कुस्ती बघत कशी नाही?

"कुस्ती खोटी असते, मास्तरीणबाई," चाचा म्हणाले. "कोण पडणार, कोण उठणार, सगळं आधी ठरलेलं."

"मग आकडा खरा कशाला हवा तुम्हाला?"

चाचांनी बशी खाली ठेवली. "म्हणून तर. सगळंच खोटं असलं, तर माणसाने धरायचं कशाला?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि न विचारता आणखी पोहे वाढले. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी मनातल्या मनात शपथच घेतली, की या माणसाला आकडा आणून द्यायचाच.

खेळाच्या दिवशी माझा नवरा ऑफिसच्या कामाला सौदीत होता, मुलाला शेजारी ठेवलं. गाडी मी चालवत होते, पुढे चाचा, मागे सासूबाई दुर्बीण गळ्यात अडकवून. सासूबाईंना गेटातून आत सोडलं तेव्हा साडेचार झाले होते. आत जाताना त्यांनी वळून यंत्र उंच करून दाखवलं. निवडणूक ड्यूटीला पेट्या घेऊन निघाल्यासारख्या चालल्या होत्या.

आम्ही बाहेर. चाचांनी ठरवलं होतं, की गेटावर आत जाणारे मोजायचे आणि मग दोन्ही आकडे ताडून बघायचे. पण गेटं होती सहा, आणि आम्ही दोघं. एका गेटावर ते, दुसऱ्यावर मी, उरलेल्या चारांतून दुनिया आत चाललेली. वीस मिनिटांत चाचांनी नाद सोडला. "खलास," म्हणाले. "चहा पिऊ."

पार्किंगला लागून एक कॅफेटेरिया होता. तिथे करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा घेऊन बसलो. आतून आवाजाची लाट आली, की चाचांचा अंगठा आपोआप हलायचा. "आता सगळे उभे राहिले. आता मोजता येत नाय. आता थांबावं लागतं," असं ते स्वतःशीच बोलत होते. मी त्यांचं लक्ष दुसरीकडे वळवायला विचारलं, की गावी जाऊन काय मोजणार?  ते म्हणाले, की घरी फोन केला की बायको आधी सांगायची, आज जेवायला किती जण बसले. चाचा तो आकडा घरच्या एकूण माणसांतून वजा करायचे. ती एकदा म्हणाली, तुम्ही कशाला मोजता, एक जागा रिकामी आहे, ती मी रोज बघते. "तीस वर्षं तिने एकच खुर्ची मोजली गो," चाचा म्हणाले, आणि चहाचा कागदी पेला बोटांनी चपटा करत बसले.  मी उठून आणखी दोन चहा आणले, दुसरं काय करणार?

साडेसातला लोक बाहेर यायला लागले. सासूबाई शेवटच्या शेवटच्या लोकांत होत्या. अंबाडा सुटलेला, पदर कमरेला खोचलेला, आणि एका हातात रबरी फोमचा केवढा तरी मोठा पंजा. तो साठ दिरहमला घेतला होता, म्हणजे तेराशे ऐंशी रुपये. घसा बसला होता. छत्तीस वर्षं शाळा सांभाळून जो आवाज बसला नाही, तो तीन तासांत बसला होता. त्यांनी यंत्र चाचांच्या हातात दिलं.

चाचांनी दिव्याखाली धरून आकडा पाहिला. मी शेजारीच होते, मीही पाहिला. तिथे तीन होते. ०००३.

त्यांनी यंत्र खिशात ठेवलं आणि विचारलं, "किती, मास्तरीणबाई?"

"एकशे सत्तावीस," सासूबाई म्हणाल्या. खणखणीत नाही, पण ठाम. "यंत्र मधेच अडकलं. मग मी वहीवर मोजल्या. एकशे सत्तावीस."

ते यंत्र कधी अडकत नसे. मी चाचांकडे पाहिलं. ज्या माणसाने एका खोट्या आकड्यापायी तीस वर्षं घालवली, त्याच्यासमोर माझ्या सासूने उभ्या उभ्या खोटं ठोकून दिलं होतं.

चाचा म्हणाले, "बरोबर. मी गेटावर मोजले, त्याच्याशी तंतोतंत जुळलं."

गेटावर! वीस मिनिटं मोजून आम्ही चहा पीत बसलो होतो. सासूबाईंच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की मी तोंड उघडायची हिंमत केली नाही.

परतीच्या रस्त्याला चाचांनी एकच विचारलं, की कुस्ती कशी झाली. झालं. बसलेल्या घशाने सासूबाई सुरू झाल्या. लाल चड्डीवाल्याने पाठीमागून कसा दगा दिला, पंच कसा नेमका तेव्हाच दुसरीकडे बघत होता, मग त्या दाढीवाल्याला कसा रिंगच्या बाहेर फेकला. मागच्या सीटवरून त्या फोमच्या पंजाने माझ्या डोक्यावर डाव दाखवत होत्या. चाचा पट्टा सैल करून अर्धे मागे वळून बसले होते. वाटेतलं जबेल अली मागे पडलं तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "मग तो दाढीवाला उठला का?" सासूबाई म्हणाल्या, "थांबा हो, सांगते." आणि शारजा येईपर्यंत सांगत होत्या. तो उठला. चाचांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मी तो स्वतः ऐकला.

शारजातल्या रोला भागात चाचांना त्यांच्या खोलीपाशी सोडलं. गाडी वळवली आणि सासूबाई मागून घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "अगं, मी मोजलंच नाही."

तीन खुर्च्या मोजल्या, तेवढ्यात लाल चड्डीवाला आला, आणि मग यंत्र, दुर्बीण, वही कशाचं भान राहिलं नाही. बाहेर पडताना आठवण झाली तेव्हा हॉल रिकामा. मी विचारलं, मग एकशे सत्तावीस कुठून आलं? त्या म्हणाल्या, तो माझ्या शाळेचा शेवटच्या वर्षीचा पट. साहेब तपासणीला आले, की बसल्या पोरांकडे न बघता जसा सांगायची, तसा सांगितला. चाचांच्या तोंडाकडे बघून मला मोजलं नाही म्हणवेना.

"आई, पण ते जुळलं म्हणाले," मी म्हणाले.

सासूबाईंनी मांडीवरचा फोमचा पंजा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "हो ना. हुशार माणूस आहे." आणि पदराने चेहरा पुसून घेतला. 

तीन दिवसांनी सासूबाई गेल्या. महिनाअखेरीला चाचा गेले. मालकांनी त्यांना घड्याळ दिलं, आम्ही सगळ्यांनी मिळून एक बॅग दिली. निरोपाला उभं राहून चाचांनी कंपनीच्या हॉलकडे एक नजर टाकली आणि काही म्हणाले नाहीत, कारण त्या दिवशी एकही खुर्ची रिकामी नव्हती, नाइट शिफ्टची पोरंसुद्धा येऊन बसली होती. जाताना त्यांनी माझ्या टेबलावर ती लांबट वही आणि ते यंत्र ठेवलं. कंपनीची मालमत्ता नाय, तुझ्याकडे ठेव, म्हणाले.

मी धीर करून शेवटचं पान उघडलं. मला वाटलं होतं, तिथे एकशे सत्तावीस वजा करून आकडा लिहिलेला असेल. नव्हता. स्वस्त तिकीट, दीडशे. जाहीर आकडा होता. "माझा आकडा" या रकान्यात लिहिलं होतं, "मोजणी झाली नाही." फरकाच्या जागी रेघ. आणि "खोटं" लिहायच्या त्या शेऱ्याच्या रकान्यात, न उठणारं पेन चार-चारदा गिरवून, "मास्तरीणबाईंनी कुस्ती बघितली."

सासूबाईंना दिलासा द्यायला म्हातारा तोंडाने खोटं बोलला होता. वहीत नाही बोलला.

मी त्याच दुपारी कऱ्हाडला फोन लावला, वही आणि यंत्र चाचांनी माझ्याकडे दिल्याचं सांगितलं आणि ओळ वाचून दाखवली.   सासूबाई नाक ओढून म्हणाल्या, "यंत्रावर किती आहेत अजून?"

मी बघितलं. चाचांनी आकडा शून्यावर आणला नव्हता. "तीन," मी म्हणाले.

"त्या तीन मी खऱ्याच मोजल्या होत्या. वहीत पेनाने लिही, आणि त्यांना कळव."

मी लिहिलं.